सायगॉन, १९७५: माघार घेता न आलेलं सरकार

नकाशावेडा

दक्षिण व्हिएतनामचं सरकार ३० एप्रिल १९७५ ला संपलं. आपल्याकडे या विषयावर काहीही वाचायला घेतलं की आधी ते छायाचित्र येतं: गच्चीवर हेलिकॉप्टर, शिडीवर माणसांची रांग. ते चित्र अमेरिका गेली त्याचं आहे. सरकार कोसळलं ते माझ्या मते दीड महिना आधीच, राजधानी सायगॉनपासून शेकडो किलोमीटर लांब, मध्य पठारावरच्या एका पडीक रस्त्यावर. त्याबद्दल इथे सविस्तर लिहितो.

पार्श्वभूमी थोडक्यात. पॅरिस करार २७ जानेवारी १९७३ ला झाला. अमेरिकी फौजा परत जाणार होत्या, पण उत्तर व्हिएतनामचं दक्षिणेत घुसलेलं सैन्य होतं तिथेच राहणार होतं. राष्ट्राध्यक्ष न्युएन व्हान थिऊ यांचा याला कडाडून विरोध होता. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी त्यांना पत्रांतून शब्द दिला की उत्तरेने करार मोडला तर अमेरिका जबर प्रत्युत्तर देईल. आणि तुम्ही सही केली नाहीत तर आम्ही एकटे करू, असा दमही दिला. सायगॉनने सही केली. ऑगस्ट १९७३ पासून अमेरिकी काँग्रेसने इंडोचीनमधल्या लष्करी कारवाईवर बंदी आणली आणि ऑगस्ट १९७४ मध्ये निक्सनच पायउतार झाले. शब्द देणारा गेला, शब्द कागदावर राहिला.

थिऊंचं धोरण 'चार नाही' म्हणून ओळखलं जाई. वाटाघाट नाही, संयुक्त सरकार नाही, दक्षिणेत कम्युनिस्टांना मोकळीक नाही आणि एक इंचही जमीन देणार नाही. यातलं शेवटचं 'नाही' सगळ्यात महागात पडलं. देश लांबट आणि अरुंद, पश्चिमेची सगळी सीमा डोंगराळ. सैन्य प्रत्येक चौकीत, प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी पसरलेलं. अमेरिकी हेलिकॉप्टरं आणि बॉम्बर असताना हे निभावलं, कारण जिथे हल्ला होईल तिथे मदत उडून यायची. १९७४ मध्ये तेल महागलं, मदत घटली, तोफगोळे मोजून मिळू लागले, इस्पितळांत बँडेज धुऊन पुन्हा वापरायची वेळ आली. तरी पसारा तेवढाच राहिला. कुठून मागे यायचं आणि कुठे पाय रोवायचे याचा आराखडा शांतपणे, वेळ हातात असताना कुणी केलाच नाही. राजकीयदृष्ट्या तो विचार उच्चारणंसुद्धा अवघड होतं.

६ जानेवारी १९७५ ला फुओक लाँग प्रांत पडला. करारानंतर अख्खा प्रांत गमावण्याची ही पहिली वेळ. वॉशिंग्टनने निषेध केला, एकही बॉम्बर उडालं नाही. हनोईला, म्हणजे उत्तरेच्या सरकारला, हवं ते उत्तर मिळालं.

१० मार्चला उत्तरेचे जनरल व्हान तिएन झुंग यांच्या फौजांनी पठारावरच्या बान मे थुओत शहरावर हल्ला केला. सायगॉनच्या सेनापतींना हल्ला उत्तरेकडे प्लेइकूवर होईल असं वाटत होतं, त्यामुळे इथे सैन्य तुटपुंजं होतं. शहर दोन दिवसांत गेलं. मग २३ व्या डिव्हिजनच्या तुकड्या शहर परत घेण्यासाठी हेलिकॉप्टरने जवळच्या फुओक आन इथे उतरवल्या. या डिव्हिजनच्या बहुतेक सैनिकांची बायकामुलं बान मे थुओतमध्येच राहत होती. खाली उतरल्या उतरल्या त्यांना रस्त्याने येणारे निर्वासितांचे लोंढे दिसले. सैनिक रांग सोडून त्या गर्दीत आपली माणसं शोधू लागले. ज्यांना सापडली त्यांनी गणवेश उतरवला आणि त्यांच्याबरोबर चालू लागले. प्रतिहल्ला सुरू होण्याआधीच संपला.

१४ मार्चला काम रान्ह इथे बैठक झाली. थिऊंनी पठाराचे सेनापती फाम व्हान फू यांना विचारलं, बान मे थुओत परत घेता येईल का. मग हुकूम दिला: प्लेइकू आणि कोन्तुम सोडा, नियमित सैन्य किनाऱ्यावर आणा, तिथून बान मे थुओत परत घ्या. ज्या माणसाने वर्षानुवर्षं एक इंचही देणार नाही म्हटलं, त्याने एका बैठकीत दोन प्रांत सोडले. हुकूम गुप्त. प्रांतप्रमुखांना सांगायचं नाही, स्थानिक आदिवासींच्या प्रादेशिक दलांना सांगायचं नाही, अमेरिकनांनाही नाही. तयारीला हातात दोन दिवस.

मुख्य रस्ते शत्रूने तोडले होते. म्हणून ७ब नावाचा जुना रस्ता निवडला. तो कित्येक वर्षं वापरात नव्हता, झाडी माजलेली, पूल मोडलेले, आणि किनाऱ्याकडच्या टप्प्यात पूर्वी दक्षिण कोरियाच्या सैन्याने पेरलेले सुरुंग. शत्रूला या रस्त्याची अपेक्षा नसेल हे एवढंच त्याच्या बाजूने. ते खरंही होतं. उत्तरेच्या डिव्हिजन कमांडरने हा रस्ता वापरण्याजोगा नाही असं आधी कळवलं होतं आणि बातमी आल्यावर झुंग त्याच्यावर फोनवर भडकले.

१६ तारखेला काफिला निघाला आणि गुपित त्याच दिवशी फुटलं. शहरातल्या लोकांनी लष्कर सामान भरताना पाहिलं आणि ट्रक, मोटारसायकल, बैलगाडी, जे मिळेल ते घेऊन मागे लागले. चिओ रिओ गावात सगळं अडकलं, कारण पुढे नदीवरचा पूल तयार नव्हता. १८ मार्चला उत्तरेच्या तोफा तिथे पोचल्या. रणगाडे, रुग्णवाहिका, म्हातारी माणसं, दारूगोळ्याचे ट्रक, सगळे एकाच अरुंद रस्त्यावर चेंगरलेले. गोंधळात स्वतःच्याच हवाई दलाचे बॉम्ब स्वतःच्या रेंजर तुकडीवर पडले. फू स्वतः विमानाने न्हा त्रांगला गेले होते. काफिल्याचा उरलेला भाग तुय होआला पोचला तेव्हा मार्चचा शेवटचा आठवडा होता. सरसेनापती काव व्हान व्हिएन यांच्या म्हणण्याप्रमाणे त्या विभागाची निदान तीन चतुर्थांश लढाऊ शक्ती दहा दिवसांत संपली. ती कुठल्याही लढाईत हरलेली नव्हती.

यानंतर उरलेल्या देशाला कळून चुकलं की राजधानी कुठलंही ठिकाण कधीही, न सांगता सोडू शकते. माझ्या मते सरकार संपलं ते इथे.

केतकी

एका दमात वाचलं. एक प्रश्न: सैनिकांची कुटुंबं तळाजवळ राहू देण्याची पद्धत कशी पडली? आणि दा नांगचं काय झालं? तिथल्या विमानाबद्दल कुठेतरी वाचल्यासारखं वाटतंय.

जुना वाचक

लेख चांगला आहे पण निष्कर्षाशी असहमत. लढायला गोळ्याच नसतील तर शिस्तीत माघार तरी कोण घेणार? १९७५ च्या आर्थिक वर्षासाठी काँग्रेसने एक अब्ज डॉलरची मर्यादा घातली आणि प्रत्यक्षात ७० कोटी मंजूर केले. त्या आधीच्या वर्षांशी तुलना करा, शिवाय महागाई धरा. अमेरिकेने या सैन्याला अमेरिकी पद्धतीने लढायला शिकवलं: भरपूर तोफा, भरपूर हेलिकॉप्टरं, भरपूर इंधन. मग इंधनच काढून घेतलं. उत्तरेला मात्र रशिया आणि चीनची रसद चालूच होती. करार झाल्यावर एका बाजूचा दोस्त निघून गेला आणि दुसऱ्याचा राहिला. १० एप्रिलला निक्सननंतरचे अध्यक्ष फोर्ड यांनी ७२ कोटी २० लाख डॉलरची तातडीची लष्करी मदत मागितली तीही काँग्रेसने दिली नाही. यात थिऊंच्या नकाशावरच्या चुका हा दुय्यम मुद्दा आहे.

नकाशावेडा

@केतकी, या सैन्यात भरती झालेला माणूस पाच-सात नव्हे, अनेकदा दहा-दहा वर्षं सैन्यातच असे. युद्ध संपतच नव्हतं, सुटी मिळत नव्हती आणि पगारात दोन ठिकाणी घर चालवणं अशक्य होतं. म्हणून बायकामुलं तळाजवळ. स्थिर मोर्चात याचा फायदा होता, माणूस आपलं घर राखायला चिवटपणे लढायचा. तीच गोष्ट माघारीत उलटली. घर हलवण्याची सोय कुणी करणार नाही हे कळल्यावर प्रत्येकाने ती स्वतः केली. मी त्यांना भेकड म्हणणार नाही.

दा नांग: उत्तरेकडच्या विभागाचे सेनापती न्गो क्वांग त्रुओंग हे तिथले सगळ्यात सक्षम मानले जाणारे अधिकारी. मार्चच्या मध्यात राजधानीच्या रक्षणासाठी त्यांच्याकडची हवाई छत्री डिव्हिजन काढून घेतली. २० मार्चला थिऊंनी रेडिओवरून जाहीर केलं की ह्युए शहर काहीही झालं तरी राखायचं, आणि त्याच संध्याकाळी त्रुओंग यांना वेगळा संदेश आला, की दा नांग तेवढं धरा. सैनिकांनी सकाळी एक ऐकलं, रात्री दुसरं. ह्युए २५-२६ ला गेलं, दा नांग २९ ला. २९ मार्चचं ते विमान वर्ल्ड एअरवेजचं बोइंग ७२७. बायकामुलांना आणायला गेलं होतं. धावपट्टीवर सशस्त्र सैनिकांनी ते गाठलं, आणि सायगॉनला उतरलं तेव्हा आत जवळजवळ सगळे सैनिकच होते.

@जुना वाचक, मदत घटली हे मी लिहिलंच आहे आणि त्याचं वजन मी कमी करत नाही. मात्र पठारावरून निघालेल्या सैन्याकडे गोळ्या होत्या. प्लेइकूमध्ये मागे सोडलेला दारूगोळा, विमानं आणि तोफा बघा. पैशाअभावी हे सैन्य एखाद-दोन वर्षांत हरलं असतं हे मान्य. पण पंचावन्न दिवसांत नाहीसं झालं त्याला वेगळं कारण लागतं.

पाणथळ

बायकामुलांसकट चाललेलं सैन्य म्हटल्यावर मराठी माणसाला पानिपत आठवणारच. भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर यात्रेकरू, बाजारबुणगे, कुटुंबकबिला होता आणि त्यांच्या रक्षणाचं ओझं लढणाऱ्यांवर होतं. फरक असा की तिथे निदान मैदानात लढाई झाली. इथे तेवढीही नाही.

अवकाळी

आपण सगळे दक्षिणेच्या बाजूनेच बघतोय. हनोईच्या पॉलिट ब्युरोचा (कम्युनिस्ट पक्षाच्या सर्वोच्च समितीचा) डिसेंबर-जानेवारीतला आराखडा दोन वर्षांचा होता: १९७५ मध्ये मोठे हल्ले, १९७६ मध्ये अंतिम उठाव. म्हणजे त्यांनाही हा वेग अपेक्षित नव्हता. संधी दिसल्यावर त्यांनी पावसाळ्याआधी सगळं संपवायचं ठरवलं आणि एप्रिलच्या मध्यात मोहिमेला हो चि मिन्ह यांचं नाव दिलं. दा नांगहून किनाऱ्याच्या महामार्गाने पूर्ण तुकड्या ट्रकमध्ये बसवून, वाटेत जिंकलेली वाहनं आणि इंधन वापरत त्यांनी दक्षिणेला आणल्या. पूल बांधणारे, रस्ते करणारे, पाइपलाइन टाकणारे हे त्या विजयाचे अर्धे मानकरी. कित्येक वर्षं त्रुओंग सोन डोंगररांगेच्या जंगलात तेच काम चाललं होतं.

दुसरं, सरकारची पाळंमुळं. थिऊ १९६७ मध्ये अकरा उमेदवारांच्या लढतीत निवडून आले, पण १९७१ मध्ये रिंगणात ते एकटेच उरले. १९६३ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष दिएम यांना त्यांच्याच सेनापतींनी मारलं, त्या बंडात थिऊ स्वतः होते. त्यामुळे बंडाची धास्ती त्यांना अखेरपर्यंत होती. सेनापती नेमताना निष्ठा आधी, कुवत नंतर. दुसऱ्या बाजूने, १९७० च्या 'कसेल त्याची जमीन' कायद्याने मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातल्या लाखो कुळांना जमीन मिळाली, आणि तो प्रदेश ३० एप्रिलपर्यंत बऱ्यापैकी शांत राहिला. म्हणजे हे सरकार निव्वळ पोकळ होतं असं म्हणणंही अन्यायाचं होईल.

प्रवासी पाखरू

सायगॉनचा राष्ट्राध्यक्षांचा राजवाडा आता संग्रहालय आहे, मी पाहिलाय. गच्चीवर दोन लाल वर्तुळं रंगवलेली आहेत. ८ एप्रिलला न्युएन थान्ह त्रुंग या वैमानिकाने दक्षिणेचंच एफ-५ विमान वळवून राजवाड्यावर बॉम्ब टाकले, ती जागा. तो आतून दुसऱ्या बाजूचा होता. तळघरात लांबट बोळ, भिंतीवर नकाशे, करड्या रंगाचे रेडिओ संच, फिरत्या तबकडीचे फोन. वर सजवलेली दालनं आणि खाली ती कोंदट खोली. युद्ध ज्या टेबलांवरून चालवलं ती टेबलं अगदी साधी आहेत, कारकुनाची असावीत अशी.

बागेत ८४३ आणि ३९० क्रमांकांचे रणगाडे उभे आहेत. ते त्याच जातीचे, पण मूळचे नव्हेत. मूळचे हनोईत आहेत. बरीच वर्षं ८४३ ने मुख्य फाटक तोडलं असं सांगितलं जायचं. पुढे फ्रेंच छायाचित्रकार फ्रान्स्वाज दमुल्देर यांचं त्या क्षणाचं छायाचित्र समोर आलं. त्यात मुख्य फाटकातून ३९० आत शिरताना दिसतो. ८४३ बाजूच्या फाटकाला धडकून अडकला होता आणि त्याचे कमांडर बुई क्वांग थान झेंडा घेऊन पायी धावत गेले.

जुना वाचक

नकाशावेडा, 'नाहीसं झालं' हा शब्द मला टोचला. सायगॉनच्या पूर्वेचं झुआन लॉक विसरू नका. ९ ते २१ एप्रिल, ले मिन्ह दाओ यांची १८ वी डिव्हिजन तिथे कित्येक पट मोठ्या फौजेपुढे उभी राहिली. सगळ्या जगाला माहीत होतं की आता काही वाचणार नाही, तरी ते लढले. दाओ पुढे सतरा वर्षं छावण्यांमध्ये होते. आणि शरणागतीच्या सुमारास पाच जनरलांनी आत्महत्या केली. त्यात पठारावरचे फूही होते, ज्यांना तुम्ही विमानाने जाताना दाखवून सोडून दिलंत. पूर्ण युद्धात या सैन्याचे दोन लाखांहून जास्त सैनिक मेले. अमेरिकेच्या साधारण चौपट. त्यांना न लढणारे म्हणण्याची प्रथा अमेरिकी वर्तमानपत्रांनी पाडली, आपण ती चालवू नये.

नकाशावेडा

झुआन लॉकबद्दल पूर्ण सहमत. आणि फूंबद्दल तुम्ही लिहिलंत ते इथे असायलाच हवं होतं. झुआन लॉकला नक्की काय वेगळं होतं तेही पाहा. ले मिन्ह दाओ यांनी हल्ल्याआधीच सैनिकांची कुटुंबं मागे लाँग बिन्हला पाठवली होती. तोफांच्या जागा आधी ठरलेल्या, सेनापती तुकड्यांबरोबर. आणि २० तारखेला मागे यायचा हुकूम मिळाल्यावर ती डिव्हिजन रात्रीतून बऱ्यापैकी शिस्तीत बाहेर पडली. तेच सैन्य, तीच दारूगोळ्याची टंचाई. माघार आधी विचार करून घेतली तर काय होतं याचा हा पुरावा आहे.

मोगरा

हे वाचताना सारखं काबूल डोळ्यापुढे येत होतं. अमेरिका आणि तालिबानचा दोहा करार फेब्रुवारी २०२०, त्यात अफगाण सरकारला बसवलंच नाही. ६ ऑगस्ट २०२१ ला झरंज ही पहिली प्रांतिक राजधानी पडली आणि १५ ऑगस्टला काबूल. नऊ दिवस. तिथेही सैन्य दूरदूरच्या चौक्यांत विखुरलेलं, आणि विमानांची देखभाल करणारे परदेशी कंत्राटदार निघून गेल्यावर रसद तुटलेली. गावातले वडीलधारे मध्ये पडून चौक्या रिकाम्या करून देत होते.

मात्र उलट उदाहरणही अफगाणिस्तानचंच आहे. सोव्हिएत फौजा फेब्रुवारी १९८९ मध्ये गेल्या तेव्हा नजीबुल्लांचं सरकार काही महिने टिकेल असा सगळ्यांचा अंदाज होता. ते एप्रिल १९९२ पर्यंत टिकलं. नजीबुल्लांनी लांबच्या चौक्या आपण होऊन सोडल्या, मोठी शहरं आणि रस्ते धरले, आणि मार्च १९८९ मध्ये सुरू झालेला जलालाबादवरचा मुजाहिदीनांचा हल्ला परतवला. १९९२ च्या सुरुवातीला मॉस्कोची मदत बंद झाली आणि त्यांच्याच बाजूचे सेनानी दोस्तम फुटले, तेव्हा संपलं. म्हणजे नकाशावेडा आणि जुना वाचक दोघांचंही म्हणणं त्यात आहे: माघार जमल्यामुळे तीन वर्षं, मदत थांबल्यावर चार महिने.

केतकी

नजीबुल्लांचं उदाहरण मला नवीन होतं. शेवटच्या आठवड्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. थिऊंनंतर जे आले ते काय करू शकत होते?

नकाशावेडा

फारसं काही नाही. २१ एप्रिलला थिऊंनी राजीनामा दिला. दूरचित्रवाणीवर लांबलचक भाषण केलं, निक्सन यांच्या पत्रांतले शब्द वाचून दाखवले, अमेरिकेवर उघड संतापले. २३ एप्रिलला फोर्ड यांनी न्यू ऑर्लिन्समध्ये विद्यार्थ्यांपुढे सांगितलं की अमेरिकेपुरतं हे युद्ध संपलं आहे. थिऊंच्या जागी वृद्ध त्रान व्हान हुओंग आले, ते आठवडाभर. मग २८ एप्रिलला दुओंग व्हान मिन्ह. फ्रेंच वकिलातीला आणि बऱ्याच सायगॉनकरांना आशा होती की मिन्ह असतील तर हनोई बोलणी करेल. त्यांचा शपथविधी उरकला आणि थोड्याच वेळात तान सोन न्हुत विमानतळावर बॉम्ब पडले, पकडलेल्या ए-३७ विमानांमधून. दुसऱ्या दिवशी धावपट्टी निकामी झाल्यावर राहिलेल्यांना हेलिकॉप्टरने काढायला सुरुवात झाली. चोवीस तासांत सात हजारांवर माणसं बाहेर पडली, त्यात बहुसंख्य व्हिएतनामी. वकिलातीच्या आवारात शब्द देऊन थांबवलेली चारशेवर माणसं मात्र तिथेच राहिली.

मिन्ह यांच्या हातात एकच निर्णय उरला होता आणि तो त्यांनी घेतला. ३० तारखेला सकाळी साडेदहाच्या सुमारास रेडिओवरून सैन्याला गोळीबार थांबवून जागेवर राहायला सांगितलं. रस्तोरस्ती लढाई झाली असती तर निर्वासितांनी खचाखच भरलेल्या त्या शहराचं काय झालं असतं याचा विचार करा. त्यांच्या नावावर बाकी काही जमा नसेल, हे आहे.

अवकाळी

आणि त्यानंतरचंही लिहायला हवं, नाहीतर ही गोष्ट अर्धी राहते. दक्षिणेतल्या अधिकाऱ्यांना काही दिवसांचं खाणं आणि कपडे घेऊन 'पुनर्शिक्षणासाठी' हजर व्हायला सांगितलं. ते कित्येक वर्षं आत राहिले. लाखो लोक होड्यांतून समुद्रात उतरले. जे दक्षिणेतलं हंगामी क्रांतिकारी सरकार जिंकलं म्हणून जाहीर झालं होतं, तेही २ जुलै १९७६ च्या एकीकरणात विसर्जित झालं. त्याचे न्यायमंत्री त्रुओंग न्हु तांग यांनी आयुष्य थिऊंविरुद्ध काढलं होतं, तुरुंग भोगला होता. १९७८ मध्ये तेसुद्धा होडीनेच देशाबाहेर पडले.

जुना वाचक

तांग यांच्यावर वेगळा धागा काढा, मी माझ्याकडची माहिती देईन. मोगरा, जलालाबादच्या लढाईवरही लिहा. मदतीच्या मुद्द्यावर मी अजून ठाम आहे, पण झुआन लॉकची कुटुंबं आधी हलवली होती हे महत्त्वाचं आहे, त्यावर विचार करतो.